दुसरी रेघ

दिवा जरा इकडे सरकवा, मग सांगतो.

काम तसं साधंच. हरणांना चरायला मोकळं गवत हवं आणि लपायला दाट झाडीही हवी. म्हणून दर हिवाळ्यात रानातली थोडी झाडं काढून उजेडाला वाट करून द्यायची. वडील कुंचल्याने खोडावर चुन्याची रेघ ओढत. एक रेघ म्हणजे काढायचं, दोन म्हणजे ठेवायचं. करवत माझ्याकडे. वडील डावखुरे, त्यामुळे त्यांची रेघ तिरकी यायची. "आधी वेल बाजूला करून बघ रे," हे त्यांचं पालुपद दिवसातून दहादा.

गेल्या हिवाळ्यात मी बघितलं नाही. धुकं होतं, घाई होती. दुसरी रेघ वेलाखाली होती. ते झाड राहणार म्हणूनच वडील त्याच्या पलीकडे निर्धास्त बसून कुंचला धूत होते. झाड आपसूक त्यांच्या अंगावर पडलं आणि ते गेले, असं मी सगळ्यांना सांगितलं. लेकीलाही तेच.

यंदा लेक माझ्यासोबत कामाला आली. सकाळी धुक्यात शिरलो, तर खोडाखोडावर ओल्या रेघा. एकेकच. तिरक्या.

"बाबा, मला न उठवताच उरकलंत की," ती हसली.

माझा चुन्याचा डबा अजून उघडलाही नव्हता.

रेघा कुरणाकडे जात होत्या. तिथे पाच-सहा हरणं चरत होती. लेक पुढे गेली तरी पळाली नाहीत. तिच्या पाठीमागे काहीतरी बघत राहिली. धुक्यात मला लेक पुसटच दिसत होती. मग कुंचला घासल्याचा आवाज आला... सर्र. हरणं उधळली.

धावत गेलो. तिच्या जॅकेटच्या पाठीवर एक तिरकी रेघ होती, ओली.

कसाबसा डबा उघडला, बोटं बुडवली आणि शेजारी दुसरी रेघ ओढली.

"हिला ठेवायचंय," मी धुक्याला म्हणालो. "चूक माझी होती... वेल मी बाजूला केला नाही."

लेकीने सगळं ऐकलं.

"वळा," ती म्हणाली. मग अगदी हळू... "बाबा, तुमच्याही पाठीवर आहे."

"किती?"

"एक."

डबा तिच्या पायाशीच होता. ती तशीच उभी राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. शेवटी वाकली आणि दुसरी रेघ ओढली.

तिच्या जॅकेटवरच्या दोन्ही रेघा पहिल्याच धुण्यात निघाल्या. माझं तसं नाही. सदरा कुठलाही घालू दे, सकाळी पाठीवर एकच असते. लेक आता माझ्याशी बोलत नाही, पण रोज येऊन दुसरी ओढून जाते.

आज ती आली नाही.

मी वळतो. तुम्ही दिवा जरा वर धरा आणि सांगा... किती आहेत?