चार म्हणजे चार

मार्केट यार्डातल्या शीतगृहाचं दार उघडलं आणि कोमट वास आला. परदेशी निघालेले गुलाब एका रात्रीत माना टाकून बसले होते.

निवृत्तीला टेकलेले फौजदार भीमराव खुर्चीत बसले. संगणक आले, परदेशी गिऱ्हाइकं आली. माणसांच्या खोड्या जुन्याच राहिल्या.

"यंत्र कुणीतरी बंद केलंय," मालक म्हणाले. "रात्री भैरू एकटा होता. न्या त्याला."

राखणदार भैरू भिंतीशी उभा होता. "साहेब, फाटकावर डोळा लागला, खोटं कशाला बोलू? पण यंत्राला हात लावला नाय. मागच्या दाराची किल्लीबी माझ्याकडं नसती. पोरीचं लग्न ठरलंय, आत गेलो तर मोडंल."

"किल्ली कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक मच्छिंद्रकडे," मालक म्हणाले. "मी रात्री नाशकात होतो."

टेबलावर जुना तापमापक काढून ठेवला होता. काटा साठाच्या आसपास होता, आणि खोलीत सगळे स्वेटर घालून बसले होते.

व्यवस्थापक मच्छिंद्र समोर आले.

"काल कधी निघालात?"

"दिवेलागणीला. निघताना तापमान पाहिलं. चार होतं. सगळं ठीक."

"चार काय?"

"चार म्हणजे चार. यार्डात पुढचं अंश-बिंश कोण बोलतं, साहेब?"

"परत आलात?"

"कशाला? घरी मटार सोलत होतो."

भिंतीवरचा नवा मीटर इंजिनिअर नम्रतानं बसवला होता.

"हा केव्हा लावलात?"

"आज लावायचा होता, सर. पण काल मच्छिंद्रकाका गेल्यावर टाइम होता, मग उरकला. जुना फॅरनहाइटमध्ये दाखवायचा, हा सेल्सिअसमध्ये."

भीमरावांनी क्षणभर डोळे मिटले.

"मच्छिंद्र, तुम्ही निघालात तेव्हा भिंतीवर जुना मापक होता. फुलं ठीक असली की त्याचा काटा चाळिसाजवळ असतो. तो चारावर असता, तर फुलं गोठून दगड झाली असती. चार हा आकडा फक्त नव्या मीटरवर होता, आणि तो लागला तुम्ही गेल्यावर. म्हणजे रात्री मागच्या दारानं आलात, मीटर पाहिला आणि यंत्र बंद केलंत. शेवटचा पाहिलेला आकडाच तोंडून निघाला."

मच्छिंद्रनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"हे सगळं संगणकावर गेलं की माझं काय उरतं? एकदा माल नासला की मालक जुनंच परत लावतील, असं वाटलं."

"आणि भैरू?"

"त्याचा विचारच आला नाही."

भैरू हलला नाही. "सकाळपासनं समदा यार्ड मला चोर म्हणतोय, साहेब. सोयऱ्यांना काय सांगू?"

जीप मागच्या दाराशी उभी होती. भीमरावांनी ती पुढच्या फाटकावर लावायला सांगितली, आणि मच्छिंद्रना हमालांच्या गर्दीतून चालत नेलं.

"भैरू," ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "तू माझ्या शेजारून चाल. सगळ्यांना दिसेल असा."