खालचा डावा सहावा

माझ्या दवाखान्यात केरबामामांनी सव्वीस वर्षं एक्स-रेच्या फिल्म धुतल्या. ओली फिल्म माझ्या हातात देण्याआधी ते तिच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवायचे. तिथं एक बारीक उंचवटा असतो. तो आपल्या बाजूला असला तर फिल्म सुलटी, नसला तर उलटी, आणि उलटी धरली की डावा जबडा उजवा होतो. मामा सातवी शिकलेले, पण त्यांच्या अंगठ्याइतका भरवसा मी कॉलेजातल्या सरांवरही ठेवला नसता.

या जानेवारीत मी डिजिटल घेतलं. तोंडात वायरीचा सेन्सर ठेवायचा, बटण दाबायचं, की दात स्क्रीनवर. राजारामपुरीतल्या बाकीच्या दातांच्या डॉक्टरांनी कधीच घेतलं होतं, मीच हट्टानं मागं राहिले होते. "आता उलटसुलट व्हायचा प्रश्नच नाही, मॅडम," कंपनीचा माणूस म्हणाला, आणि मी लगेच सही केली. डार्करूममधला लाल दिवा काढला, मामांना पेशंटची नावं लिहायला बाहेरच्या टेबलावर बसवलं. मला वाईट वाटलं, पण त्यांना फिल्म धुवायच्या हायपोच्या वासात आणखी किती वर्षं उभं करायचं?

पहिला आठवडा झकास गेला. मग शिरोळहून कृष्णात आले. त्यांचा खालचा डावा सहावा, म्हणजे मोठी दाढ, बऱ्याच वर्षांपूर्वी पडलेली. तिच्या शेजारचा दात ठणकत होता. मी सेन्सर ठेवला, बटण दाबलं.

स्क्रीनवर सहावा होता. चांगला, बिनकिडीचा, आणि त्याचं एक मूळ माशाच्या गळासारखं आत वळलेलं.

मी कृष्णातांच्या तोंडात बोट घातलं. तिथं नुसती हिरडी.

"काय झालं, डॉक्टर?"

"काही नाही. मशीन नवीन आहे," मी म्हणाले.

दोन दिवसांनी रत्नव्वा म्हणून निपाणीकडच्या एक बाई आल्या. त्यांनाही तो दात नव्हता. स्क्रीनवर तोच दात, तेच गळासारखं मूळ. शनिवारी तिसरा पेशंट, तसाच. ज्यांचा सहावा शाबूत होता त्यांचे फोटो मात्र अगदी बरोबर येत होते. कंपनीच्या माणसाला बोलावून चांगलं झापलं. त्यानं बिचाऱ्यानं सेन्सर बदलला, कॉम्प्युटर पुसून पुन्हा भरला. सोमवारी चौथ्या पेशंटच्या रिकाम्या हिरडीत दात हजर. माझ्याच डोळ्यांत काही बिघडलंय का म्हणून आरशासमोर तोंड उघडून मी स्वतःचे दात मोजले. अठ्ठावीस. सगळे जागच्या जागी. दातांच्या डॉक्टरचं तोंड हीच त्याची पाटी, असं मी नेहमी पेशंटना ऐकवते.

शेवटी मामांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीनपाशी वाकले.

"ह्यो दात म्या बघितलाय," ते म्हणाले. "बिद्रीच्या तानाबाईचा."



अकरा वर्षांपूर्वी, जोतिबाच्या यात्रेला मामा रजेवर होते. तानाबाईंचा सगळा जबडाच ठणकत होता, कुठला दात ते त्यांना सांगता येईना. मी दोन्ही बाजूंच्या फिल्म काढल्या, घाईत स्वतःच धुतल्या आणि एकाच चिमट्याला लावल्या. उंचवटा पाहायचा राहिला. किडलेला उजवा होता, मी डावा काढला. चाळीस मिनिटं लागली. हातात आला तो धडधाकट दात, मूळ गळासारखं. पुढच्या आठवड्यात उजवाही काढला आणि सांगितलं, दोन्ही किडलेले होते. बाई पाया पडून गेल्या. हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, अशी माझी समजूत होती.

"फिल्म पाकिटात म्याच घातल्या न्हवं," मामा म्हणाले. "कार्डावर दोन्ही काडल्याचं लिवलेलं. डावा चांगला हुता, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलशिला म्हनून थांबलो."

अकरा वर्षं ते थांबले होते. मला इतकी लाज वाटली की मी तिथल्या तिथं तानाबाईंना फोन लावला.

त्या गुरुवारी दुपारी आल्या, गुळाची भेली घेऊन. मी त्यांना खुर्चीत बसवलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. मामा कोपऱ्यात उभे होते.

तानाबाईंनी डाव्या गालावर हात ठेवला.

"डावा? आवो, डावा कवा काडला? उजवा काडला की तुमी."

त्यांनी तोंड उघडलं.

डावा सहावा तिथं होता.

मी बोटानं हलवून पाहिला. घट्ट. सेन्सर ठेवला. स्क्रीनवर गळासारखं मूळ.

"ह्याच बाजूनं तर म्या शेंगा खाती," त्या हसून म्हणाल्या.

मला रडू फुटलं. मग काय काढलं होतं मी? चाळीस मिनिटं माझ्या मनगटाला आजही आठवतात. पण दात समोर होता, आणि सुटल्यासारखं वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू?

तानाबाई गेल्या. मामांनी चहा आणला. मी भेलीचा खडा तोंडात टाकला आणि नेहमीसारखा डावीकडं घेऊन चावला.

खडा फुटला नाही. खाली त्याला काही लागलंच नाही.

मी जीभ फिरवली. हिरडी गुळगुळीत होती. जखम नाही, दुखणं नाही. फार वर्षांपूर्वी भरून आलेली.

मामा कपात चहा ओतत होते.

"मॅडम, त्या बाजूनं कशाला चावताय?" ते म्हणाले. "तितं तुमाला दात कुटं हाय?"