लिंपलेली भेग

पुष्पाबाई त्या दिवशी गोंदियाला गेली ती कोठी लिंपायला. एका पिशवीत पांढरी माती, शेण आणि धानाचा कोंडा, दुसरीत लेकीसाठी पातोडीच्या भाजीचा डबा.

२०१२ सालचा डिसेंबर होता. कोठी तिच्याच घरची, मातीची, माणसाच्या छातीएवढी उंच. धान ठेवायला पत्र्याची टाकी आली तेव्हापासून ती रिकामीच होती. नागपूरला चित्रकला शिकलेल्या तिच्या लेकीनं, अंजूनं, ती मागून नेली. अंजू आणि तिचे दोन दोस्त, हिमांशु आणि रिंकी, यांनी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या एका बंद राईस मिलच्या गोदामात प्रदर्शन लावलं होतं. विषय मनाच्या दुखण्याचा. भिंतींवर चित्रं आणि मधोमध ही कोठी. जे कोणालाच सांगता येत नाही, ते कोठीत वाकून बोलायचं आणि आपल्या वाटेनं निघून जायचं.

पुष्पाबाईला यातली कला काही उमगली नाही. पण अंजू पुन्हा जेवू लागली होती, हसू लागली होती, तेवढं तिला पुरे होतं. मागच्या वर्षी याच पोरीला गुराख्यानं गावच्या तलावातून ओढून काढलं होतं. त्याआधी कितीतरी महिने अंजू जवळ येऊन म्हणायची, "माय, मले आतून कसंतरी होऊन राहिलं." आणि पुष्पाबाई म्हणायची, "चूप राय. लोकायले समजलं तं लगीन जुळन का तुहं?" नंतर नागपूरच्या डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट बजावली होती. पोरगी बोलेल तेव्हा तिला थांबवू नका.

"टेम्पोतून उतरवताना भेग पडली, काकू," हिमांशु म्हणाला. "पहले छोटी थी, आता बोट जाते."

"तुमच्या शिकलेल्या हातायनं कागद उचलावा. कोठी कायले उचलता?"

रिंकी हसली. "पण काकू, भेगेतून ठंडी हवा येते. हात लावून पहा ना."

पुष्पाबाईनं तळवा धरला. हवा खरंच येत होती, बारीक, एकसारखी. तिला वास होता, आजारी माणसाच्या बंद खोलीत येतो तसा. आत वारा कुठून येणार, म्हणत तिनं घरच्या सवयीनं बोटाच्या पेरानं कोठी वाजवली. आत किती धान आहे ते बायकांना असंच कळतं. रिकामी कोठी बोलते, भरलेली मुकी राहते. कोठी खालपासून वरपर्यंत बोलली. मग तिनं माती कालवली, भेग दाबून भरली, वरून ओला हात फिरवला. हवा थांबली.

प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस. माणसं येत राहिली. एक म्हातारे मास्तर आले, रेल्वेतला एक माणूस आला, तान्हं लेकरू घेतलेली बाई आली. कोठीत वाकायची, कुजबुजायची, डोळे पुसत बाहेर पडायची. लिंपण वाळलं का ते पाहायला दुपारी पुष्पाबाई उठली आणि सहज तिनं कोठी वाजवली.

गुडघ्यापर्यंत कोठी मुकी होती.

तिनं आत डोकावून पाहिलं. बूड दिसत होतं, धानाचा दाणा नव्हता. चार वाजता कोठी अर्ध्यावर मुकी झाली. दिवेलागणीला वरची चार बोटं तेवढी बोलत होती.

"हिमांशु... ते भेगेतून निघून जात होतं रे. मीच बुजवलं."

"क्या निघून जात होतं, काकू?"

पुष्पाबाई पुन्हा कोठी वाजवू लागली.

सगळे गेल्यावर अंजू कोठीजवळ आली. आजवर ती स्वतः एकदाही कोठीत बोलली नव्हती. "माय, तू अठीच उभी राय. आज मी बोलते."

पुष्पाबाईनं तिचं मनगट धरलं. "आज नोको, बाई... घरी जाऊ."

अंजूचा चेहरा एकदम पडला. तलावाआधीचा तोच चेहरा. "काऊन? अजून चूपच राहू?"

पुष्पाबाईची बोटं सुटली.

अंजू वाकली. पुष्पाबाई बाजूला उभी राहून पाहत होती. अंजूचे ओठ हलत नव्हते... गळा हलत होता. तहानलेलं माणूस घोटावर घोट घेतं तसा. कितीतरी वेळ. मग ती सरळ झाली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "हलकं वाटते, माय."

पुष्पाबाईनं कोठी वाजवली. ती खालपासून वरपर्यंत खणखण बोलली.

गोंदियाहून सुटलेल्या पॅसेंजरच्या डब्यात फारसं कोणी नव्हतं. दोघींना दरेकसाला, आपल्या गावच्या स्टेशनावर, उतरायचं होतं. आमगाव गेल्यावर अंजू बोलू लागली. हळू आवाजात, खिडकीकडे पाहत.

"पेन्शन घेऊन पोरगा मले जेवाले देत नाही..." ती म्हणाली. मग म्हणाली, "रुळावर आलेला माणूस मले दिसला होता, मी झेंडी उशिरा दाखवली..." मग, "लेकरू रडते तं मले त्याचं नाक दाबून धरावं वाटते..."

"अंजू, हे तुहं नाही..."

अंजूला ऐकू गेलं नाही. एकाचं संपलं की दुसऱ्याचं. पुष्पाबाई तिचा हात धरून बसून राहिली. थांबवायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि थांबवायचं तरी कोणाला?

सालेकसा गेलं. डब्यातला दिवा मिणमिणत होता. अंजूचा आवाज बदलला. थोडा घोगरा, दमलेला.

"मी अंगणात धान पाखडत होती. पोरगी तलावाकडं जाताना दिसली. पायात चप्पल नव्हती. मले समजलं. हाक ओठावर आली होती... पण मी थकली होती. म्हटलं, जाऊ दे. सुटन बिचारी."

हे पुष्पाबाई कोठीत बोलली नव्हती. कोणापाशीच नाही, देवापुढंही नाही. तिनं अंजूच्या तोंडावर हात ठेवायला हात उचलला... आणि तो तसाच मांडीवर पडला.

अंजू थांबली नाही. पुष्पाबाईच्याच आवाजात ती पुढं सांगू लागली.

"दरेकसाले उतरलो तं अंधार पडला होता. पोरगी पुढं, मी मांगं. तिनं घरची वाट सोडली, तलावाची धरली. या खेपेले मी हाक मारली, लय मारली..."

गाडीचा वेग कमी होऊ लागला. दरेकसा अजून आलं नव्हतं.