आतल्या खोलीतली प्रश्नमंजूषा

"माझी आई रेडिओवर खोकली," शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आणि तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली."

दातांच्या डॉक्टरच्या हातातला कप तोंडापाशीच थबकला. दवाखान्याला सुट्टी असली की तो मावशीकडे येऊन बसायचा. मावशी खासगी तपासाची कामं घ्यायची. तिचं डोकं धारदार आणि भाच्याचं जरा बोथट, असं तिचंच मत होतं.

"नीट सांगा," मावशी म्हणाली.

बाईंचा थोरला भाऊ एका छोट्या रेडिओ केंद्रावर दर शनिवारी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा घेई. प्रश्न विचारायचा, जरा थांबायचं, मग उत्तर सांगायचं. सुरुवातीपासून तो ती घरीच टेप करून पाठवत असे.

"परवा एका प्रश्नानंतर दादा थांबला आणि त्या शांततेत आई खोकली. दोनदा, मग एक लांब उसासा. अगदी तसंच. माझ्या हातातलं कापड गळून पडलं."

"जुनी टेप लावली असेल," भाचा म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं असतं. पण सुरुवातीला त्याच आवाजात त्याच दिवसाची तारीख सांगितली. गेल्या आठवड्याच्या विजेत्याचं नावसुद्धा."

"मग भावालाच विचारा की."

"वहिनी भेटू देत नाही. कधी झोपलाय, कधी बाहेर गेलाय. फोनवर येत नाही." बाई पुढे सरकल्या. "ताई, दादा जिवंत आहे का, एवढंच मला सांगा."

मावशी आणि भाचा आधी रेडिओ केंद्रावर गेली. तिथल्या ध्वनिमुद्रकाने टेप लावून दाखवली. खोकला आला तेव्हा भाचा दचकून मागे सरला. मावशीने मात्र टेप पुन्हा सुरुवातीपासून ऐकली.

"पंख्याची करकर ऐकलीस?" तिने विचारलं. "नमस्कार, तारीख, विजेता, इथवर नाही. पहिल्या प्रश्नापासून सुरू होते."

"तारीख सांगून झाल्यावर पंखा लावला असेल," भाचा म्हणाला.

ध्वनिमुद्रक म्हणाला, "मला त्याचं काही वाटलं नाही. त्यांचा मुलगा टेप आणून देतो, आम्ही लावतो. पण हल्ली तक्रारी फार येतात. आफ्रिकेतला सगळ्यात मोठा देश सुदान म्हणाले. ग्रह नऊ म्हणाले. पूर्वी त्यांची चूक सापडली तर लोक पेढे वाटतील, अशी ख्याती होती."

"चूक," मावशी स्वतःशीच म्हणाली आणि हसली. भाच्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

शिवणकामवाल्या बाईंना घेऊन दोघं त्यांच्या भावाच्या घरी पोहोचली तेव्हा भरदुपार होती. तरी आत पडदे ओढलेले. दारातल्या वहिनीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"ते झोपलेत," ती म्हणाली.

"मग तुमच्याशी बोलू," म्हणत मावशी आत शिरलीसुद्धा.

बैठकीत भिंतभर आरसा होता आणि त्यावर चादर टाकलेली.

"फुटलाय," वहिनी घाईने म्हणाली. चादरीखालून दिसणारी कड धडधाकट होती.

"टेप कधी केली साहेबांनी?"

"परवा. रात्री. नाही, सकाळी."

मुलगा आला. गळ्याला मफलर. "घसा बसलाय, जास्त बोलता येत नाही," तो कुजबुजला आणि बर्फ घातलेलं पाणी घटाघट प्यायला. बाबांचं विचारलं तर त्याने नुसती मान हलवली.

भाच्याची नजर आतल्या दाराकडे गेली. कडी बाहेरून होती, अगदी वर, सहजासहजी लक्ष जाणार नाही अशी. आणि लावलेली.

तेवढ्यात त्या दाराआडून रेडिओवरचा तो आवाज आला. "जगातली सर्वात लांब नदी कोणती?"

शांतता. मग त्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "नाईल."

आणि लगेच, पहिला आवाज पुरता विरायच्या आत, पुन्हा तोच आवाज. "बरोबर उत्तर आहे, नाईल."

बाई दाराकडे झेपावल्या. "काय केलंत माझ्या भावाचं?"

मावशीने त्यांचा हात धरला. "थांबा. भाऊ जिवंत आहे. आत टेप विचारते आहे आणि माणूस उत्तर देतो आहे. एकाच तोंडातून दोन आवाज एकमेकांवर कसे येतील?"

"मग कोंडलंय त्याला!"

"बसा, सांगते. आधी त्या चुका. सुदान एकेकाळी खरंच सगळ्यात मोठा होता, पुढे त्याचे दोन देश झाले. ग्रहही पूर्वी नऊच मोजत. म्हणजे उत्तरं चुकीची नव्हती, जुनी होती. प्रश्न जुन्या टेपवरचे आहेत, आई हयात असतानाचे. त्यांच्यामागे पंखा करकरतो. तारीख आणि विजेता तेवढा नवा, म्हणून तिथे पंखा नाही."

"पण आवाज तर त्यांचाच," भाचा म्हणाला.

"घसा बसलेला माणूस बर्फाचं पाणी पितो का रे?"

मुलाने मफलर सोडला. "माझा घसा ठीक आहे," तो म्हणाला. रेडिओवरचाच आवाज! भाचा खुर्चीतून अर्धा उठला.

मावशी आता हळू बोलली. "आरसा झाकलाय, कारण त्यांना स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही. परका म्हातारा घरात शिरलाय असं वाटून घाबरत असतील. आणि कडी, ते बाहेर पडून रस्ता विसरू नयेत म्हणून. हो ना?"

वहिनी मटकन खाली बसली. "सगळं विसरलेत हो. मलासुद्धा. टेप लावली की तेवढी उत्तरं येतात. पण शनिवारी त्यांना रेडिओवरचा कार्यक्रमच लागतो, वार कसा कळतो देव जाणे. एकदा कार्यक्रम चुकला तर दिवसभर दार बडवत होते. म्हणून हा जुन्या टेपला नवी सुरुवात जोडून देतो."

"मला सांगायचं होतंस, वहिनी!"

"भानावर होते तेव्हा शपथ घातली होती. कुणाला कळू देऊ नकोस, आणि धाकटीला तर नाहीच. तुमच्यासमोर त्यांना हुशारच राहायचं होतं."

बाईंनी टाचा उंचावल्या आणि स्वतःच कडी काढली.

इस्त्रीचा सदरा घातलेला म्हातारा बाकावर बसला होता. त्याने परक्या पाहुणीकडे बघावं तसं अदबीने पाहिलं.

"तुम्ही खेळायला आलात का?"

"हो," बाई कशाबशा म्हणाल्या. "पण मला फारसं येत नाही."

तो सरकला, शेजारची जागा तळहाताने पुसली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बसा. अडलात तर मी हळूच सांगेन."

बाई बसल्या.