वाळूला ऊन दाखवलं

थरच्या वाळवंटात प्यायचं पाणीसुद्धा टँकरने येतं. मग तिथल्या टेकाडात खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीत पाणगोगलगायींचे शंख कसे? अकरा वर्षांच्या ऊर्वीला या कोड्याने सकाळपासून छळलं होतं.

"इथे तळं होतं," भूवैज्ञानिक वसुधाआत्या म्हणाली. "हा काळा थर म्हणजे त्याचा गाळ (पाण्याने आणून टाकलेली बारीक माती). पाऊस हटला, तळं आटलं, वर वाळू साचली. आणि गाळात दगडी हत्यारं सापडली, म्हणजे काठावर माणसं राहत होती."

"कधी?"

"ते संध्याकाळपर्यंत सांगायचंय. जागा फार जुनी ठरली नाही, तर प्रकल्प बांधणारे लोक हे टेकाड सपाट करणार. माझा गाळाचा नमुना कुठाय?"

ऊर्वीने अभिमानाने ताट दाखवलं. आत्याने नळीत बंद करून ठेवलेला गाळ तिने छान पसरला होता. "ओलसर होता गं. बुरशी आली असती. म्हणून ऊन दाखवलं." तिच्या घरी डाळींपासून गाद्यांपर्यंत सगळ्यांना ऊन दाखवत.

आत्या मटकन खाली बसली.

"गाडलेल्या वाळूच्या कणात आसपासच्या मातीतल्या किरणोत्साराने (अणूंमधून निसटणाऱ्या ऊर्जेने) थोडी थोडी ऊर्जा साठते," उकऱ्या हा खोदकाम करणारा यंत्रमानव शांतपणे म्हणाला. "ऊन लागलं की ती सांडते. साठा मोजला की कण किती काळ अंधारात होता ते कळतं. ताटातल्या कणांचं वय सध्या शून्य आहे."

ऊर्वीचा चेहरा उतरला. क्षितिजावर तपकिरी वादळ उठलं होतं.

"भिंत भुसभुशीत आहे. खाली उतरू नये, असा माझा सल्ला आहे," उकऱ्या म्हणाला. "तो कुणी ऐकत नाही, असा अनुभव आहे."

नव्या नमुन्यासाठी आत्या उतरलीच. उकऱ्याने पोलादी हात भिंतीला टेकवला. आत्याने काळ्या थरात नवी नळी ठोकली, ओढून काढली आणि वर ऊर्वीच्या हातात दिली. तेवढ्यात वाऱ्याने झाकण उडवलं.

"गेलं!" आत्या ओरडली.

"टोकाचेच कण गेले! मधले अंधारातच आहेत ना?" ऊर्वीने पायातला मोजा काढून नळीच्या तोंडात कोंबला. आत्या वर चढली आणि मागे भिंत धाडकन कोसळली.

उकऱ्याने नळी आपल्या पोटातल्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत घेतली. बुलडोझर सुरू झाल्याचा आवाज आला.

"मधल्या कणांचं वय नव्वद हजार वर्षं. पाच हजार इकडेतिकडे," उकऱ्या म्हणाला.

आत्याने फोन लावला. पलीकडचे प्रकल्पाचे साहेब बराच वेळ 'इकडेतिकडे'वर अडून बसले. शेवटी बुलडोझर थांबले.

"तळं आटल्यावर ती माणसं कुठे गेली?" ऊर्वीने विचारलं.

"पाण्याच्या मागे," आत्या म्हणाली.

"मी आणखी खोल टोचून पाहिलं," उकऱ्या म्हणाला. "गाळाखाली वाळू आहे. तिच्याखाली पुन्हा गाळ."

ऊर्वी विचारात पडली. "म्हणजे तळं एकदा आटून परत भरलं होतं? पाऊस परत येतो?"

"येतो. आपल्या सोयीने येत नाही, एवढंच," आत्या म्हणाली.

"मग तो कधी परत आला ते शोधू," ऊर्वी म्हणाली आणि दुसऱ्या पायातला मोजा काढू लागली.