खिडकीतला धम्मदीप

विक्की, ते लाकूड आत सरकव. आन् मयुरी, तू मधात हासू नको. ही गोष्ट मले खुशालनं सोता सांगितली. खुशाल म्हणजे माया मावसभाऊ. बल्लारपूरले त्याचं सीडीचं दुकान होतं. दारू पेत नव्हता, फालतू गप्पा हाणत नव्हता.

दोन हजार दहा साल. डिसेंबरची अकरा तारीख, शनिवार. त्याच हप्त्यात एका मारधाडीच्या पिक्चरची डीव्हीडी निघाली होती. हैदराबादेत बनलेला, हिंदीत डब केलेला. हिरो लांब काळा कोट घालून, काळा चष्मा लावून धडाधड काचा फोडत जाते, आन् डोक्यावरचा एक केस हालत नाई. पोरं नुसती पागल झाली होती. त्यात लाल शर्टातला एक गुंडा हाय. हिरो त्याले लाथ मारते आन् तो तिसऱ्या माळ्याच्या खिडकीतून खाली पडते.

तो गुंडा म्हणजे धम्मदीप. खुशालच्या वर्गातला पोरगा, मुलचेऱ्याकडच्या गावचा. हैदराबादेत पिक्चरमधी फायटरचं काम करे.

आन् तो पडला, तो खरंच पडला. खालची गादी सरकली होती म्हणे. संगतीच्या पोरांनी तिकडेच जाळलं, आन् स्टीलच्या डब्यात राख आणून त्याच्या मायच्या हातात दिली. गुणाबाई तिचं नाव. घरात एकटीच. पोराचं तोंड तिनं शेवटी पाह्यलंच नाई. पिक्चर निघाल्याचं समजलं तशी तिनं खुशालले निरोप धाडला, 'मले दाखव.'

खुशालनं दुपारीच दुकान बंद केलं. प्लेअर पोत्यात गुंडाळून गाडीले बांधला. आष्टीवरून मुलचेरा, तिथून आत जंगलाचा रस्ता. पोहोचला तवा अंधार पडला होता. लाईट आली नऊ वाजता.

"माय, पाहाचंच हाय का?" खुशाल म्हणला. "बरं नाई वाटणार तुले."

"लाव तू."

त्यानं लावला. धम्मदीप आला, लाथ बसली, काच फुटली, गेला. सगळं मिळून चार सेकंद.

"परत लाव."

लावला. परत पडला.

"परत."

तिसऱ्या खेपेले ती वरडली, "थांबव!" खुशालनं बटन दाबलं. धम्मदीप खिडकीत थांबला. पाठीमागे काच फुटलेली, तोंड आपल्याकडे. गुणाबाई टीव्हीपाशी सरकली. त्याच्या गालावर बोट ठेवलं.

"इथीच राहू दे. पुढं जाऊ देऊ नको."

"रातभर?"

"रातभर."

 खुशाल ओसरीत पडला. दाराच्या फटीतून टीव्हीचा लाल उजेड येत होता.

एक वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. टाईम त्यानं मोबाईलवर पाह्यला. आत, बाहेर, सगळा अंधार.

मंग अंगणात आवाज आला.

धप्प.

त्याले वाटलं, डुक्कर असन. टॉर्च मारला. काईच नाई.

थोड्या वेळानं... धप्प.

आतून गुणाबाई बोलली. "खुशाल... तू सोडलं का त्याले?"

"नाई माय. लाईट गेली."

  मंग दार वाजलं. ती बाहेर आली, अंगणात मधोमध उभी राह्यली. मान वर. दोन्ही हात पुढं, असे... लेकरू घ्याले करते तसे.

वर काई नव्हतं. माळा नाई, झाड नाई. चांदण्या फक्त.

"माय, अंदर चाल."

"चूप. येऊन राह्यला."

 मंग खुशालले ऐकू आलं... वरून. कपडा फडफडल्यासारखं. लय उंचावरून. जवळ आलं. अजून जवळ...

या खेपेले धप्प झालं नाई.

नुसती गुणाबाईची किंकाळी. एकच.

पहाटे गाडी करून तिले दवाखान्यात नेलं. दोन्ही हात कोपरातून मोडलेले. डॉक्टर म्हणला, "बाई, एवढं वजन काय उचललं?"

ती खुशालकडे पाहून बोलली, "हातात आला होता रे... सुटला."

नऊ दिवस तेवढंच बोलली. दहाव्या दिवशी बोलली नाई. खुशालनं दुकान विकलं. आजही त्याच्या घरी टीव्ही नाई. रातचा झोपत नाई, बसून राहते.

गुणाबाईच्या मयतीले मी गेलो होतो. घराचं अंगण कसं, वर्षानुवर्षं चोपलेलं, कुदळीनं उकरत नाई असं. त्यात मधोमध एक ठसा होता. उताण्या पडलेल्या माणसाचा. डोकं, पाठ, पसरलेले हात. दोन बोटं खोल. गावातलं कोणी तिकडं पाहत नव्हतं.

मी खाली बसलो. त्यात हात ठेवून पाह्यला.

डिसेंबरची थंडी... आन् ती माती गरम होती.