डाळिंबाचं उलटं पान

"ती खुर्ची माझी आहे."

खुर्चीतल्या माणसानं वर पाहिलं नाही. तो सुईत दोरा ओवत होता. म्हणजे एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून, सुईवर सूड उगवत होता.

"नाव लिहिलंय?"

"खिडकीजवळ मी बसते. मागच्या गुरुवारीही मीच बसले होते."

"मागच्या गुरुवारी मी नव्हतो," तो म्हणाला. "असतो तर तेव्हाही उठलो नसतो."

ऋचानं पिशवी समोरच्या खुर्चीवर आपटली. आपटण्यात तिचा हात चांगला होता. सुईत अजून बसायचा होता.

डांगे चौकात, मॅचिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर कुसुमताईंचा भरतकामाचा क्लास चालायचा. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून गुरुवारी नोकरीवाल्यांची बॅच. त्या बॅचमध्ये पुरुष हा एकच. नखांत प्रेसमशीनचं काळं तेल, मनगटं जाड, आणि मांडीवर गुलाबी रिंग. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

ऋचा तिथं कशी आली, हेही सांगायला हवं. ती चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये होती. दिवसभर लोकांचे पार्ट नापास करायची आणि संध्याकाळी त्याच मापानं घरच्यांना. तिची आई सुहासिनीबाई शाळेत शिवणाच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या तरी छडी हातातून गेली नव्हती, फक्त दिसत नव्हती. भाऊ अनिशचं लग्न ठरलं आणि बाईंनी मुलीकडच्यांना एकच अट घातली. रुखवतात विकतचं काही मांडायचं नाही. नवरीनं स्वतःच्या हातानं भरलेली एक तरी फ्रेम हवी, क्रॉस स्टिचची. "आणि मला फसवलेलं चालणार नाही. अक्षता पडायच्या आधी उठून जाईन."

त्या रात्री जेवताना ऋचानं तोंड उघडलं. ती मुलगी दिवसभर नोकरी करते, तिला येत नाही असं तिनं सांगितलंय, मग हा हट्ट कशासाठी? बाईंनी शांतपणे ताटात भात वाढला.

"तू बोलू नकोस. लोकांच्या चुका काढतेस, स्वतःला साधी फुली टाकता येत नाही."

रागावलेली माणसं भांडी फोडतात. ऋचानं मॅटीचं कापड आणलं. घरी ओव्हरटाइमची थाप मारली आणि क्लास लावला. फुली शिकायची, आईच्या तोंडासमोर धरायची, मग कचऱ्यात टाकायची. एवढा साधा, सुटसुटीत बेत होता.

"दोरा ओला करा," ती शेवटी न राहवून म्हणाली. "आणि सहा पदर एकदम घेतलेत. दोनच घ्यायचे असतात."

"आधी सांगायचं ना."

"आधी तुम्ही उठायचं होतं."

तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडायची, दुसऱ्याला नाही. ऋचाच्या सवयीच्या डोळ्यांनी ही त्रुटी लगेच टिपली. नापास मात्र केली नाही.

नाव नंदकिशोर. चिखलीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं. कापडावर डाळिंबाच्या फांदीवरची राघूंची जोडी भरायची होती.

"कुणासाठी?"

"बहिणीच्या रुखवतासाठी."

"मग बहिणीनं यायचं."

"ती म्हणते, ज्या घरात शिरायला परीक्षा द्यावी लागते, तिथं नापास झालेलं बरं." त्यानं सुई खुपसली. "म्हणायला काय जातं तिचं... पण त्या मुलाचा फोन आला की गॅलरीत जाऊन हसते. ते हसू मला घालवायचं नाही. आई असती तर आईनं भरलं असतं. आता आईची कामं माझ्याकडे."

ऋचाला हे आवडलं. म्हणून ती आणखी चिडली.

"आणि ती सासू," तो पुढं म्हणाला, "शिवणाच्या बाई म्हणे. त्यांना सगळं हातचं पाहिजे. त्यांना एक दिवस आमच्या प्रेसवर उभं करायला हवं. हातचं म्हणजे काय ते कळेल."

ऋचाची सुई मॅटीच्या भोकात तशीच राहिली. "मुलाचं नाव काय?"

"अनिश."

बैठकीच्या दिवशी ऋचाची शिफ्ट होती आणि नवरीच्या भावाच्या प्रेसमशीनची डाय तुटली होती म्हणून तोही आला नव्हता, एवढं तिनं घरी ऐकलं होतं. तो भाऊ आता तिच्या खुर्चीत बसून तिच्या आईचा उद्धार करत होता. गेले कित्येक दिवस ती स्वतः तेच करत होती. पण आईवर रागवायचा हक्क तिनं कुणाला वाटून दिला नव्हता.

"तुमच्या फुल्या उलट्या पडतायत," ती म्हणाली.

"मी डावखुरा आहे."

"वरचा टाका एकाच बाजूला कलला पाहिजे. काहीतरी शिस्त असते."

"माझे सगळे एकाच बाजूला आहेत. तुमच्या बाजूला नाहीत, एवढंच."

पलीकडून कुसुमताई म्हणाल्या, "बरोबर आहे गं त्याचं. सगळ्या उलट्या असल्या की सुलट. एकीचंच तोंड फिरलं तर चकाकी बदलते. मग डोळ्यांत खुपतं."

पण ऋचानं तोवर रिंग त्याच्या हातातून ओढून घेतली होती. हिरवा दोरा, दोन पदर, खालून वर... रागाच्या भरात तिनं डाळिंबाचं एक अख्खं पान भरलं. आयुष्यातलं पहिलं. पान तिच्या उजव्या हाताचं, बाकी सगळी फांदी त्याच्या डाव्या हाताची. उजेडात धरलं तर ते पान एकटंच पाठ फिरवून बसल्यासारखं दिसत होतं.

"हे बघा. असं असतं. आता ते उसवा, नाहीतर विजोड दिसेल." तिनं रिंग त्याच्या मांडीवर टाकली आणि पिशवी उचलली. "आणि त्या शिवणाच्या बाई म्हणजे माझी आई."

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खिडकीजवळची खुर्ची मोकळी होती. ऋचा तिच्यात बसली आणि तिला कळलं की ऊन डोळ्यांवर येतं, खालून रिक्षांचे हॉर्न येतात, आणि एकूण खुर्ची काही खास नाही. मग तिला त्याचाही राग आला. माणसानं भांडण अर्धवट टाकून जावं, म्हणजे काय?

तो भेटला जिन्यात. बाहेर भुरभुर होती. छत्री मिटून, पाणी निथळत, पायरीवर उभा.

"राघू मी भरतोय, हे घरी सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"कुणी विचारलं नाही."

"मी विनवण्या करायला आलो नाहीये."

"मग कशाला आलात?"

"हिरवा दोरा संपला."

ऋचाला हसू आलं. तिनं ते गिळलं. "खोटं आहे ते, हे कळतंय ना तुम्हाला? राघू तुम्ही भरणार आणि खाली नाव तिचं."

"कळतं."

"मला त्या खोट्याचाही एवढा राग नाही. तिनं सरळ सांगितलं, मला येत नाही, मी करणार नाही. ते माझ्या आईनं ऐकलं नाही. आणि तुम्हीही नाही. तिचं खरं बोलणं तुम्ही सुईदोऱ्यानं झाकून टाकताय."

त्यानं छत्रीचं टोक पायरीवर टेकवलं.

"लग्न मोडलं तर?" तो हळूच म्हणाला. "तुमच्या आई उठून गेल्या तर... मग तुम्ही याल तिची समजूत काढायला?"

ऋचानं सरळ विषय बदलला. "पान उसवलं का?"

"उसवतो."

"दाखवा."

"पुढच्या गुरुवारी."

पुढच्या गुरुवारी त्यानं दाखवलं नाही. त्याच्याही पुढच्या गुरुवारी नाही. मात्र दोऱ्याचं टोक दातानं तोडायचं त्यानं सोडलं, कारण तिनं एकदा न बोलता कात्री पुढं सरकवली होती. मागच्या बाजूला गाठी मारायचं तिनं सोडलं, कारण त्यानं एकदा कापड उलटं करून नुसतंच "अरेरे..." म्हटलं होतं. भांडण दर गुरुवारचं. कुणी जास्त दोरा खाल्ला, कुणाचा चहा गोड, कुणाची आई वाईट. तिला तिच्या आईची बाजू घ्यावी लागायची, आणि घेताना ती किती लंगडी आहे ते दिसायचं. खिडकीजवळची खुर्ची तर आता कुणालाच नको होती. तिथं एकच खुर्ची मावायची.

लग्न चिखलीतल्या कार्यालयात. मुहूर्त दुपारचा. सकाळी रुखवत मांडलं — लाडू, चकल्या, चुरम्याचं तुळशीवृंदावन, आणि मधोमध काचेत राघूंची जोडी. खाली सोनेरी अक्षरांत कार्ड: चि. सौ. कां. इराच्या हातचे.

सुहासिनीबाई चष्मा पुसत आल्या. फ्रेम उचलली, खिडकीकडे नेली, तिरकी धरली. शाळेतल्या मुलींना ते तिरकं धरणं चांगलं ओळखीचं होतं.

"सफाई आहे," त्या म्हणाल्या. इराच्या मावशीनं सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकर सोडला.

"हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे. बैठकीच्या दिवशी याद्यांवर इरानं सही केली ती उजव्या हातानं." बाईंनी बोट टेकवलं. "आणि हे पान आणखी तिसऱ्याच कुणाचं. मी काय सांगितलं होतं?"

इरा मुंडावळ्यांमागून पुढं झाली. "आई, मी तेव्हाच म्हटलं होतं—"

"तिची चूक नाही," नंदकिशोर म्हणाला. फेट्याखाली तो पांढराफटक दिसत होता. "मी—"

"पान माझं आहे," ऋचा म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाकी सगळं यांनी भरलंय. इरानं सुईला हात लावलेला नाही, आणि तिनं ते तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खरं बोलली ती एकटीच. तिलाच तू नापास केलंस." ऋचाचा आवाज चढला होता. "तुला उठून जायचंय? जा. पण मला इथंच ठेवून जावं लागेल. मी या लोकांच्या बाजूनं सुई धरली आहे."

कुणीतरी चकलीचं ताट खाली ठेवलं, त्याचा आवाज झाला.

"तुला फुली टाकता येते?" बाईंनी विचारलं.

"येते."

"कधीपासून?"

"तू बोललीस तेव्हापासून."

बाई पुन्हा फ्रेमकडे वळल्या. मुलीच्या हातचं पहिलं काही त्या पाहत होत्या आणि ते दुसऱ्याच्या रुखवतात मांडलेलं होतं. हे दुखणं कुणाच्या नावावर टाकावं ते त्यांना कळत नसावं. मनातल्या मनात सगळ्यांची नावं घेऊन झाली असावीत. शेवटी बहुधा स्वतःचंच उरलं.

"पान उलटं आहे," त्या म्हणाल्या.

"माहितीये. मी उसवायला सांगितलं होतं."

"मग का नाही उसवलंत?" प्रश्न नंदकिशोरला होता.

त्यानं फेटा उगाच सारखा केला. "उसवलं असतं तर... त्यांनी परत भरून दिलं असतं की नाही, काय माहीत."

बाईंनी फ्रेम जागेवर ठेवली. सोनेरी कार्ड उचललं, दुमडलं आणि पर्समध्ये टाकलं. मग इराची सुटलेली मुंडावळी नीट बांधली, जरा करकचूनच.

"मुहूर्त टळेल. चला सगळे," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता, मागं न बघता, "ऋचा, घरी गेल्यावर बोलू आपण."

टेबलापाशी दोघंच उरले. आत गुरुजींनी अक्षता वाटायला सांगितल्या.

"ते जे म्हणालात..." नंदकिशोर म्हणाला. "इथंच ठेवून जावं लागेल, वगैरे..."

"रागात म्हणाले."

"मग धरायचं की सोडायचं?"

"मी तुमच्याशी रागाशिवाय कधी बोललेय?"

त्याच्या गालाला ती एका बाजूची खळी पडली. त्यानं टेबलाच्या कडेला ठेवलेल्या ताटातल्या अक्षता उचलून तिच्यापुढं धरल्या, डाव्या हातानं.

"उजवा हात," ऋचा ओरडली. "लग्न आहे. काहीतरी शिस्त..."

पण तोवर तिनं त्या घेतल्या होत्या, आणि हात सोडवून घ्यायला ती विसरली होती.